इथं नाही

पाटी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती माणसं आली. पण आठवडा उलटेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण दवाखान्याच्या हॉलमध्ये माणसं बसलेली असणं यात नवल ते काय? लक्षात आलं ते मोठ्या सिस्टरांच्या. त्या ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन या घरच्या सुनेला, थोरलीला, हळूच म्हणाल्या, "बाई, बाहेर बसलेत ना, ते नंबर लावत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसते बसतात. दार उघडलं की येतात, दार लावायची वेळ झाली की उठून जातात. काही मागत नाहीत हो. मला भीती वाटायला लागलीय."

मोठ्या सिस्टर घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. रक्ताच्या थारोळ्यात उभं राहून चहाची आठवण करून देणारी ती बाई. म्हणून थोरलीने हातातलं काम ठेवलं आणि हॉलमध्ये डोकावून पाहिलं. भिंतीला लागून खुर्च्यांच्या रांगा, त्यांत माणसं. म्हातारे, बायका, एक बाई मांडीवर मूल घेऊन. कोणी बोलत नव्हतं, कोणी मोबाइल पाहत नव्हतं. मांडीवरचं मूल पायसुद्धा हलवत नव्हतं. समोरच्या भिंतीवर नवी पाटी होती: 'सरकारी आरोग्य कार्डावर येथे उपचार होणार नाहीत.' सगळ्यांची तोंडं तिकडे होती.

हा निर्णय थोरलीच्या नवऱ्याचा, म्हणजे दादाचा. दादा सर्जन, थोरली भूल देणारी. लग्नाआधीपासून दोघं एकाच टेबलापाशी उभे राहत आलेले, तो पोटापाशी, ती डोक्यापाशी. पाटीच्या बाबतीतही ती त्याच्याच बाजूची होती आणि ते तिने लपवलं नव्हतं. कार्डाच्या सरकारी योजनेच्या कचेरीशी रोजची हुज्जत घालून घालून दोघंही विटली होती. त्यामुळे हॉलमधल्या माणसांचा बंदोबस्तही तिनेच हाती घेतला. आधी पंखे बंद केले. माणसं घाम पुसत बसली. मग निम्म्या खुर्च्या उचलल्या, तर माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, आणि ती नुसती उभी असलेली रांग पाहवेना म्हणून खुर्च्या परत आणाव्या लागल्या. शेवटी तिने हॉलमधल्या संडासाला कुलूप घातलं आणि 'नळदुरुस्ती चालू' असा कागद चिकटवला. साधा उपाय होता. आपल्याला सुचला याचं तिला कौतुकही वाटलं होतं.

तरीही माणसं येत राहिली. पैसे भरणारे पेशंट मात्र दारातून आत पाहायचे आणि आल्या पावली परत फिरायचे.

रविवारी दुपारी घर जमलं ते म्हणून. दवाखान्याच्या वर राहतं घर, आणि हॉलच्या बरोबर वर अप्पांची खोली. अप्पा म्हणजे थोरलीचे सासरे, गावभर 'मोठे डॉक्टर'. त्यांच्या वडिलांचं याच जागी औषधांचं दुकान होतं. अप्पांनी त्यात दोन खाटा टाकल्या, दादाने त्यावर मजला चढवला. आता अप्पांना दिसत कमी होतं, पण कान शाबूत होते आणि जीभही.

बेबी आली ही मोठीच गोष्ट होती. दादाची धाकटी बहीण, पोरांची डॉक्टर, केस पिकायला लागले तरी घरात बेबीच. वाटणीच्या भांडणानंतर तिने हा जिना चढला नव्हता. दोन गल्ल्या पलीकडे तिचा एका खोलीचा दवाखाना होता आणि तिथे कार्ड चालत होतं. सोबत तिचा नवरा, वकील. घरात कोणी त्याला भाऊजी म्हणत नसे, सगळे वकीलसाहेबच म्हणत, आणि त्याला ते आवडत असे.

वकीलसाहेबांनी मोबाइल टेबलावर उभा केला. हॉलमधल्या कॅमेऱ्याचं चित्र त्यात दिसत होतं. वरून दिसणारी डोकी, नुसती डोकी.

"कायद्याने तुम्ही शंभर टक्के बरोबर," ते दादाला म्हणाले. "खाजगी दवाखाना आहे. योजनेत राहायचं की नाही ही तुमची मर्जी. रीतसर कळवलंत, मुदत दिलीत, पाटी लावलीत. प्रश्न मिटला."

"मिटला तर हे काय आहे?" दादाने मोबाइलकडे बोट केलं.

"बसणं हा गुन्हा नाही. पण हॉल तुमचा आहे. उठा म्हणू शकता."

"म्हणा मग," बेबी म्हणाली. "जा खाली, म्हणा."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुला काय जातंय बोलायला?" दादा उसळला. "सर्दी-खोकल्याला कोणाची परवानगी लागत नाही. त्या दिवशी मी पोटात हात घालून उभा होतो, बेबी. आतडं हातात. आणि बाहेरून निरोप येतो, मंजुरी रद्द, कारण पाठवलेला फोटो अस्पष्ट आहे. मी काय करायचं? पोट तसंच शिवून टाकायचं? कोण बसलाय तिकडे, ज्याला विचारून मी सुरी चालवायची?"

"मग त्यांच्याशी भांड ना. राग योजनेवर आणि दार आजाऱ्याला बंद, हा कुठला न्याय?"

"भांडून झालं. विचार वहिनीला."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. "खरं आहे," ती म्हणाली. "त्यानंतर हे कितीतरी दिवस झोपले नाहीत. बेबीताई, तुम्ही नव्हतात तेव्हा."

'तुम्ही नव्हतात' हे तिने मुद्दाम म्हटलं होतं आणि बेबीला ते बरोबर लागलं. तिने वडिलांकडे मोर्चा वळवला. "अप्पा, तुम्ही बोला. तुमच्या काळात असं कधी झालं होतं? दारातून कोणी परत गेलं होतं?"

अप्पा खुर्चीत काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. ते बेबीची बाजू घेणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"गेले होते," अप्पा म्हणाले. "मी घालवले होते. डॉक्टरला नाही म्हणता येतं, बेबी. जे काम येत नाही त्याला नाही म्हणावंच. खाट नसली तर नाही म्हणता येतं. ज्याचा आपल्यावर विश्वास नाही, जो अंगावर धावून येतो, त्याला नाही म्हणता येतं. दादाने योजना सोडली, त्यात मला पाप दिसत नाही."

बेबीचं तोंड उघडं ते उघडंच. दादाच्या चेहऱ्यावर मात्र किती दिवसांनी रंग आला.

"पण जीव जात असला तर नाही म्हणता येत नाही," अप्पा त्याच संथ सुरात पुढे म्हणाले. "मग तो कार्डवाला असो की चोर असो. आणि एकदा हातात घेतलेला मध्येच सोडता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचा, मग आपला हात काढायचा. खाली बसलेत त्यांतले तुझे किती, दादा?"

"माझे?"

"ज्यांना तू आधीच हात लावलायस असे."

दादाने थोरलीकडे पाहिलं. इतके दिवस ती माणसं खाली बसली होती आणि त्यांच्यातलं कोण ओळखीचं आहे हे दोघांपैकी एकानेही निरखून पाहिलं नव्हतं. थोरली तर हॉलमधून जाताना नजर खालीच ठेवत होती.

"बघितलं नाही," दादा म्हणाला.

"हं," अप्पा म्हणाले, आणि काठी टेकत उठले. त्यांना खिडकीपाशी जायचं होतं. टक, टक, टक असा काठीचा आवाज फरशीवर झाला.

टेबलावरच्या मोबाइलमध्ये सगळी डोकी एकदम मागे कलली. डोक्यांच्या जागी चेहरे आले. हॉलमधली सगळी माणसं छताकडे पाहत होती, आणि कॅमेराही छतालाच असल्यामुळे असं वाटलं की ती थेट या खोलीत, या टेबलाभोवती बसलेल्यांकडे पाहताहेत. अप्पा पुढे सरकले तसे चेहरे हळूहळू त्या दिशेला वळले.

"अगं आई गं," वकीलसाहेब म्हणाले आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"काठी ओळखतात," बेबी पुटपुटली. "अप्पांची काठी आहे ती. इतकी वर्षं ऐकलीय त्यांनी."

थोरलीचं लक्ष भलतीकडेच होतं. भिंतीच्या कोपऱ्यात एक चेहरा वर आला नव्हता. सगळ्या चेहऱ्यांमध्ये एकच डोकं, काळं, पुढे झुकलेलं, तसंच.

कोणाला काही न सांगता ती खाली गेली.

जिना संपला आणि ती दारातच थबकली. पंखे बंद, त्यामुळे हॉलमध्ये आवाज असा नव्हताच, फक्त श्वासांचा. थोरलीचं सगळं आयुष्य दुसऱ्याचे श्वास ऐकण्यात गेलं होतं. झोपवलेला माणूस बोलत नाही, कण्हत नाही. तो बरा आहे की नाही हे श्वासच सांगतो. म्हणूनच तिला ते कळलं. एवढी माणसं, पण श्वास एकच होता. सगळ्यांच्या छात्या एकदम वर येत होत्या, एकदम खाली जात होत्या. इतके दिवस शेजारी शेजारी गप्प बसून त्यांचे श्वास एका लयीला लागले होते. आपलाही श्वास त्यात ओढला जातोय असं वाटून तिने तो मुद्दाम रोखून धरला, आणि रोखल्यावर तिला दुसरा आवाज ऐकू आला. कोपऱ्यातून. भरभर, खोल, लय सोडून चाललेला.

ती रांगेतून जायला लागली. कडेचा म्हातारा म्हणाला, "बाई, एक विचारू का?"

"थांबा जरा."

"थांबलोच आहे. इथं नाही, हे पाटीवर वाचलं. बरोबर आहे, तुमची जागा आहे. पण मग कुठे, हे कोणी सांगितलं नाही. ते कळेपर्यंत बसलोय. रागावू नका."

थोरली कोपऱ्यात पोहोचली, गुडघ्यांवर बसली आणि त्या झुकलेल्या बाईची हनुवटी वर केली. डोळे खोल गेलेले, जीभ लाकडासारखी कोरडी. मनगट हातात घेतलं तर त्यावर जुन्या चटक्यांचे डाग होते. चेहऱ्याआधी थोरलीने ते डाग ओळखले, कारण याच हातात तिने सुई घातली होती. बाजाराच्या तोंडाशी इस्त्रीचं टेबल लावणारी बाई. आतडं फुटून आली होती. दादाने तिचा जीव वाचवला होता. आतडं जुळेपर्यंत पोटावर मळ साठवायची पिशवी लावली होती आणि सांगितलं होतं की काही महिन्यांनी या, पिशवी काढून पोट बंद करून देतो. ती सांगितल्या वेळी आली, तर भिंतीवर पाटी.

थोरलीने तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटा तसाच उभा राहिला.

"कधीपासून अशी आहे ही? हिने पाणी किती प्यायलंय?"

"पाणी पीत नव्हती ती," शेजारची बाई म्हणाली. ती तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती. "प्यायलं की पिशवी भरते म्हणायची. भरली की रिकामी कुठे करायची? संडासाला कुलूप आहे ना."

थोरली तिच्याकडे वळली. "अहो, मग आत येऊन सांगायचं होतं कोणीतरी!"

"आत कार्ड चालत नाही ना, बाई," ती बाई म्हणाली.

थोरलीने हाक मारली. नवऱ्याला नावाने कधी न बोलावणारी ती त्या दिवशी हॉलमध्ये उभी राहून काय ओरडली ते तिला नंतर आठवेना. दादा दोन दोन पायऱ्या उतरत आला. जिन्याच्या तोंडाशी त्याला पाहताच सगळे चेहरे त्याच्याकडे वळले आणि तो क्षणभर भिंत आडवी आल्यासारखा थांबला. मग त्याने कोपऱ्यात पाहिलं. थोरलीने बाईचा पदर बाजूला केला होता. त्याने स्वतःची टाक्यांची रेघ ओळखली.

"ही माझी आहे," तो म्हणाला. कोणाला सांगितलं कोण जाणे.

सगळी माणसं एकदम उठली. वाट करून भिंतीला टेकली. स्ट्रेचर गेलं आणि ती पुन्हा आपापल्या जागी बसली. एक खुर्ची मात्र रिकामी राहिली आणि तिच्यावर कोणी सरकलं नाही.

सलाइन लागली, नळी घातली, रक्त तपासायला गेलं. मूत्रपिंडं बंद पडायच्या बेतात होती. दादा आणि थोरली तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, नेहमीसारखे, पण एकमेकांकडे न पाहता. नळीतून लघवीचे पहिले थेंब उतरले तेव्हा उन्हं कलली होती.

बाहेर आल्या आल्या दादा तरातरा भिंतीकडे गेला. "पाटी काढतो. आत्ता काढतो. योजनेत परत जाऊ."

"अहो दादा, भावनेच्या भरात असं काही करायचं नसतं," मागून वकीलसाहेब. "शिवाय तुम्ही स्वतःहून लिहून दिलंयत. उद्या कोणी विचारलं, ही बाई तुमच्या हॉलमध्ये का कोसळली, तर उत्तर काय देणार? आत्ता गप्प राहणंच शहाणपणाचं."

"तुम्ही गप्प राहा," बेबी नवऱ्याला म्हणाली. घरात हे वाक्य तिने भावाला ऐकवलेलं सगळ्यांना माहीत होतं, नवऱ्याला पहिल्यांदाच.

पण दादाचा हात थोरलीने धरला. "पाटी काढून तुम्हाला बरं वाटेल. पुढच्या वेळी पोट उघडं असताना निरोप आला की परत लावाल. अप्पा म्हणाले ते खरंय, नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. नवीन कोणाला घेऊ नका. पण हे जे बसलेत, त्यांना नाही म्हणून सोडून देता येणार नाही. प्रत्येकाला पुढचं दार दाखवायचं, मगच उठवायचं."

"आणि वहिनी," बेबी तिच्याकडे रोखून बघत म्हणाली, "कुलूप कोणी लावलं होतं?"

"मी," थोरली म्हणाली.

बेबीने एक खुर्ची ओढली, दुसरी ओढून थोरलीपुढे केली. "बसा. त्या टोकापासून तुम्ही, या टोकापासून मी."

थोरलीने आधी संडासाचं कुलूप काढलं. मग दोघी रात्र पडेपर्यंत रांगेने सरकत राहिल्या. काय होतंय, आधी इथे कोणी तपासलं होतं, पुढे काय करायचं ठरलं होतं. मूल घेऊन बसलेली बाई बेबीच्या वाट्याला गेली. ज्यांना दादाने आधी हात लावला होता ते त्याच्याकडेच राहिले, बाकीच्यांसाठी फोन झाले, कुठे जायचं, कोणाला भेटायचं, किती वाजता, हे ठरलं. थांबलेला म्हातारा खोकत खोकत शेवटपर्यंत नीट ऐकून घेऊन "बरं" म्हणाला आणि टोपी उचलून गेला. एकेक करून सगळे असेच गेले. कोणी आभार मानले नाहीत, कोणी बोल लावला नाही. शेवटची खुर्ची रिकामी झाली तेव्हा बेबी म्हणाली, "वहिनी, मला वाटलं होतं की ते ओरडतील." थोरलीलाही तेच वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

इस्त्रीवाली वाचली. तिला बसतं व्हायला बरेच दिवस लागले. ती उशीला टेकून स्वतःच्या हाताने पेला धरायला लागली तेव्हा दादा तिच्या खाटेपाशी गेला. थोरली सलाइनची बाटली बदलत होती.

"आणखी थोडी ताकद येऊ दे," दादा म्हणाला. आवाजात न दिसणारे हात जोडलेले होते. "मग पिशवी काढून टाकू. तुम्हाला काही भरायचं नाही. कार्ड, मंजुरी, काही नाही. मी करून देतो."

बाईने पेला खाली ठेवला. "नको, डॉक्टर."

"काय नको?"

"तुमच्याकडून नको."

दादाला वाटलं, तिला नीट समजलेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तुमचा हात चांगला आहे. तुमच्यामुळेच जगले, ते मी विसरणार नाही. पण मला झोपवल्यावर तुमच्या मनात काय येईल, ते मला दिसणार नाही ना. पहिल्यांदा आले तेव्हा हा विचारच शिवला नव्हता मनाला. आता शिवतो. त्याला मी तरी काय करू?"

थोरलीच्या हातातली बाटली हातातच राहिली. आजवर किती माणसांच्या तोंडावर तिने मुखवटा धरला होता, 'डोळे मिटा' म्हटलं होतं, आणि त्यांनी मिटले होते. ते कशाच्या भरवशावर मिटतात याचा विचार तिने कधी केलाच नव्हता. ते आपोआप मिटतात असंच ती धरून चालली होती.

"कुलूप मी लावलं होतं," ती म्हणाली. बोलायचं ठरवलं नव्हतं, बोलून गेली.

बाईने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलंच होतं की बाईमाणसाचं डोकं असणार," ती म्हणाली. "पुरुषांना कुठे सुचतंय?" आणि ती किंचित हसली. ते हसू थोरलीला पुढे कितीतरी दिवस अंधाऱ्या जिन्यात, आरशात, कुठेही आठवत राहिलं.

दादा आपल्या खोलीत आला, दार लोटलं आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला. मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या सर्जनबाईंचा नंबर त्याने बेबीकडून मागून घेतला. कॉलेजात त्या त्याच्या मागे दोन वर्षं होत्या. तिथली गर्दी, तिथल्या चादरी, यावरून त्याने एकदा भर सभेत त्यांची थट्टा केली होती, हे थोरलीला माहीत होतं. ती दारापाशी उभी राहिली.

"माझी एक पेशंट आहे," दादा फोनमध्ये म्हणाला. मग अडखळला. "माझी होती. तिला माझ्याकडे करून घ्यायचं नाहीये. तुम्ही घ्याल का?"

पलीकडे भांडी पडल्यासारखा आवाज, मग कोणाला तरी सूचना, मग प्रश्न. "कार्डावर आहे?"

"आहे."

पलीकडून काहीच येईना. दादा खुर्चीतून उठून उभा राहिला. परीक्षकासमोर पोरगं उभं राहतं तसा, एक हात टेबलावर टेकवून. पेशंटलाच आपण नकोसे झालो, असा फोन अप्पांच्या दवाखान्यातून आजवर कोणी केला नव्हता.

"सोमवारी सकाळी आणा," सर्जनबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही स्वतः या. तिच्या पोटात काय काय केलंय ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, तिच्यासमोर. ते ऐकून ती हो म्हणाली, तरच मी हात लावीन."

"येतो," दादा म्हणाला.